विलायतेत कायदा शिकायचा, तर खर्च कोण भरणार?



१४ एप्रिलच्या आणि ६ डिसेंबरच्या भाषणांत एक वाक्य हमखास ऐकू येते. बाबासाहेब बुद्धिमान होते, म्हणून विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले. वाक्य खोटे नाही, पण अर्धेच आहे. आणि हे अर्धे वाक्य आपल्याच मुलांचे नुकसान करते. कारण त्यातून उलटा अर्थ असा निघतो की जो जाऊ शकला नाही, तो बुद्धीने कमी पडला.

नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कळंबोली या पट्ट्यात काम करताना कायद्याच्या शेवटच्या वर्षाची बरीच मुले-मुली भेटतात. सकाळी लेक्चर, दुपारी कोर्टात एखाद्या सिनिअर वकिलाच्या मागे फाईल घेऊन फिरणे, संध्याकाळी क्लास घेणे किंवा दुकानात काम. त्यांना ब्रिटनमधल्या एलएल.एम.बद्दल विचारले की उत्तर ठरलेले असते : "सर, ते आपल्यासाठी नाही." मार्क कमी आहेत म्हणून हे उत्तर येत नाही. पैसा, ओळख आणि माहिती या तीन गोष्टी नाहीत म्हणून येते. या तीन गोष्टींचा इतिहास तपासला, तर 'मेरिट' नावाच्या शब्दाचे सोंग आपोआप उतरते.

नाशिकची मुलगी, ऑक्सफर्डची परीक्षा

आपल्या महाराष्ट्रातून विलायतेच्या विद्यापीठात पदव्युत्तर कायदा शिकायला गेलेल्यांत कॉर्नेलिया सोराबजी हे नाव अगदी सुरुवातीचे. जन्म १८६६, नाशिक. वडील पारशी समाजातून ख्रिस्ती झालेले मिशनरी, आई पुण्यात शाळा चालवणारी. कॉर्नेलिया पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकली आणि परीक्षेत अव्वल आली. अव्वल येणाऱ्याला इंग्लंडमध्ये शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळत असे. तिला नाकारली गेली. कारण एकच, ती बाई होती.

गुण होते, नियमही होता, पण नियम लिहिणाऱ्याच्या डोक्यात 'विद्यार्थी' म्हणजे पुरुष होता. शेवटी इंग्लंडमधल्या काही प्रतिष्ठित बायकांनी आणि त्यांच्या मित्रमंडळींनी पैसे जमवले आणि १८८९ मध्ये ती ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्ये दाखल झाली. तिथे कायदा शिकणारी ती पहिली स्त्री. १८९२ मध्ये तिने बी.सी.एल. ही परीक्षा दिली, तीही खास परवानगी घेऊन. या पदवीच्या नावात 'बॅचलर' असले तरी ती पदव्युत्तर दर्जाची आहे, आजही. परीक्षा पास झाली, पण पदवी मिळाली नाही, कारण ऑक्सफर्ड तेव्हा बायकांना पदवीच देत नव्हते. ती पदवी तिच्या हातात पडली १९२२ मध्ये. तीस वर्षांनी! वकिलीचा दरवाजा ब्रिटनमध्ये बायकांना १९१९ च्या कायद्याने उघडला आणि १९२३ मध्ये ती लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाली.

सोराबजी बाईंचे राजकारण आपले नव्हे. त्या ब्रिटिश राजवटीच्या समर्थक होत्या. त्यांना जातीचा तो जाचही सोसावा लागला नाही, जो आपल्या माणसांनी सोसला. मिशनरी घरामुळे इंग्लंडमध्ये ओळखी होत्या आणि सरकारने नाकारलेले पैसे त्या ओळखींनी उभे केले. मुद्दा हाच आहे. विद्यापीठाचा दरवाजा उघडायला बुद्धी लागते, पण त्या दरवाजापर्यंत पोचायला कोणीतरी खर्च भरावा लागतो. ज्याच्याकडे ओळख नाही, त्याने काय करायचे?

बाबासाहेबांचा अर्ज आणि घड्याळ

आता बाबासाहेबांकडे येऊ. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाड महाराजांच्या बडोदा संस्थानाने त्यांना कोलंबिया विद्यापीठासाठी शिष्यवृत्ती दिली. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. बदल्यात करार काय? शिक्षण झाल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी. सयाजीरावांचे ऋण आपण मानतोच, मानलेच पाहिजे. पण ही शिष्यवृत्ती म्हणजे एका उदार राजाचा निर्णय होता, हक्क नव्हता. मुदत संपली की पैसा बंद.

१९१६ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कहून लंडनला गेले. कोलंबियातील प्राध्यापक सेलिग्मन यांनी लंडनच्या अर्थशास्त्राचे प्राध्यापक हर्बर्ट फॉक्सवेल यांच्याकडे त्यांची शिफारस केली होती. आज ज्याला आपण 'रेकमेंडेशन लेटर' म्हणतो, तेच हे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी नाव घातले आणि नोव्हेंबर १९१६ मध्ये बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये प्रवेश घेतला. दोन्ही ठिकाणी प्रवेश मिळाला. बुद्धीबद्दल कोणी शंका घेतली नाही. म्हणजे अडचण प्रवेशाची नव्हतीच.

अडचण आली ती १९१७ मध्ये. शिष्यवृत्ती संपली, परत बोलावणे आले. हातातला अभ्यास अर्धा टाकून त्यांना निघावे लागले. जाताना त्यांनी एक गोष्ट केली, जी प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावी. लंडन विद्यापीठाकडून त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पूर्ण करण्याची परवानगी घेतली. दरवाजा बंद होऊ दिला नाही, फटीत पाय ठेवला. वेगळ्या जहाजाने पाठवलेली त्यांची पुस्तके मात्र महायुद्धात ते जहाज बुडाल्याने गेली. त्या सामानाच्या नुकसानभरपाईच्या पैशांतून ते नोकरीसाठी बडोद्याला गेले. आणि बडोद्यात काय झाले, ते आपण सगळे जाणतो. कोलंबियात शिकून आलेल्या माणसाला राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढले.

पुढे नोव्हेंबर १९१८ पासून मार्च १९२० पर्यंत मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी. पगारातली काटकसर, मित्र नवल भथेना यांनी दिलेले पाच हजारांचे कर्ज आणि राजर्षी शाहू महाराजांची मदत अशी मोट बांधून ते जुलै १९२० मध्ये पुन्हा लंडनला निघाले. चार वर्षांची मुदत संपायला थोडाच अवधी उरला होता. १९२१ मध्ये एम.एस्सी. झाली. पैसे पुन्हा संपले, म्हणून लंडनहून शाहू महाराजांना पत्र लिहावे लागले. ६ मे १९२२ रोजी शाहू महाराज गेले. २८ जून १९२२ रोजी बाबासाहेबांना ग्रेज इनने बॅरिस्टर म्हणून सनद दिली. मदत करणारा राजा ते पाहायला उरला नव्हता.

आणि मुंबईत परत आल्यावर? १९२३ मध्ये हायकोर्टात वकिली सुरू करायला जी फी भरावी लागते, ती भरायलाही पैसे नव्हते. पुन्हा नवल भथेनाच मदतीला आले. या सगळ्या काळात मुंबईच्या चाळीत रमाईने जे सोसले, त्याचा हिशेब कोणत्याच विद्यापीठाच्या फाईलमध्ये नाही. खर्च भरणाऱ्यांच्या यादीत पहिले नाव रमाईचे आहे.

हा सगळा क्रम नीट पाहा. १९१३ ते १९२३ या दहा वर्षांत बाबासाहेब एकदाही परीक्षेमुळे घरी परतले नाहीत. डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी सुधारायला सांगितला, तो सुधारून त्यांनी पदवी घेतली. थांबवले ते प्रत्येक वेळी पैशाने आणि मुदतीने.

उपकाराचा हक्क केला

इथे आपल्या भाषणांत नेहमी गाळला जाणारा भाग येतो. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्य वर्गाच्या तक्रारींचे सविस्तर निवेदन दिले. त्यात शिक्षणाबद्दलची मागणी काय होती? विज्ञान आणि तंत्रशिक्षण घेणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांसाठी दरसाल दोन लाख रुपये. आणि इंग्लंड, युरोप, अमेरिका इथल्या विद्यापीठांत शिकण्यासाठी दरसाल एक लाख रुपये. त्यांचा युक्तिवाद साधा होता. सरकार बनारस आणि अलीगढच्या विद्यापीठांना दरवर्षी लाखोंनी अनुदान देते, मग अस्पृश्यांच्या शिक्षणाची जबाबदारी का घेत नाही?

म्हणजे ज्याने स्वतः राजाच्या दारात, मित्राच्या दारात कर्ज मागून शिक्षण पुरे केले, त्याने सत्ता हातात येताच पहिल्यांदा ते दार मागणाऱ्याचे राहू नये याची व्यवस्था केली. १९४४ पासून सुरू झालेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती हे त्याचेच फळ. १९५४-५५ पासून केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आली. आज आपल्या राज्यात अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने परदेश शिष्यवृत्ती आहे, दरवर्षी ७५ जागांची. फी, निर्वाह भत्ता, विमानभाडे असा खर्च त्यातून मिळतो. ही खैरात नाही. हा १९४२ च्या त्या निवेदनाचा वारसा आहे. "सरकारच्या पैशावर फॉरेन" असा टोमणा मारणाऱ्याला एवढा इतिहास ऐकवायला हरकत नाही.

कायदा शिकून उपयोग काय?

त्याच निवेदनात बाबासाहेबांचे एक मत आहे, जे आपल्याला टोचू शकते. कला आणि कायद्याच्या पदव्यांचा अस्पृश्य समाजाला फारसा उपयोग होणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे, असे ते म्हणत होते. ग्रेज इनचे बॅरिस्टर, मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले बाबासाहेब हे म्हणत होते! त्यांनी कोणतीही पदवी देवघरात ठेवली नाही. त्या काळात त्या पदवीने समाजाच्या हातात कोणती ताकद येते, एवढेच त्यांनी मोजले.

मग आज मोजमाप काय सांगते? १९४२ मध्ये संविधान नव्हते. १९५० नंतर आपले हक्क कागदावर आले आणि त्या कागदाचा अर्थ कोर्टात ठरू लागला. २० मार्च २०१८ रोजी सुभाष काशिनाथ महाजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अॅट्रॉसिटी कायद्याची धार बोथट केली. तो खटला महाराष्ट्रातलाच. २ एप्रिलला समाज रस्त्यावर उतरला, माणसे मेली, तेव्हा संसदेने कलम १८ अ घातले. १ ऑगस्ट २०२४ रोजी उपवर्गीकरणाचा निकाल आला. तुम्ही त्याच्या बाजूने असा वा विरोधात, समाजाच्या भवितव्याचा निर्णय कोर्टात झाला, हे खरे. रस्त्यावरची ताकद आपल्याकडे आहे. संविधानिक कायद्यावर प्रबंध लिहिणारी, निकालाची चिरफाड करणारी, विद्यापीठांत शिकवणारी माणसे किती आहेत? म्हणून बाबासाहेबांचेच माप लावले, तर आज कायद्याच्या उच्च शिक्षणाचे पारडे जड होते.

आपल्या रायगड जिल्ह्याला हे वेगळे सांगायला नको. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा, पण हायकोर्टाचा निकाल आला १७ मार्च १९३७ रोजी. दहा वर्षे तो लढा कागदावर, साक्षीपुराव्यावर चालला. तळ्याचे पाणी ओंजळीत घेणे ही एक लढाई, ते पाणी सार्वजनिक आहे हे कोर्टात टिकवणे ही दुसरी. दोन्ही लढायला माणसे लागतात.

एक गैरसमजही इथेच दूर करू. एलएल.एम. करून कोणी बॅरिस्टर होत नाही. बाबासाहेबांच्या काळी बॅरिस्टरीची सनद घेतली की हिंदुस्थानातल्या हायकोर्टात वकिली करता येई. आज भारतात वकिली करायला मान्यताप्राप्त एलएल.बी., बार कौन्सिलची नोंदणी आणि तिची परीक्षा लागते. ब्रिटनची एक वर्षाची एलएल.एम. ही संशोधन, अध्यापन, मानवाधिकार संस्था, धोरणाचे काम यासाठीची तयारी आहे. आणि सरन्यायाधीशपदापर्यंत पोचलेले न्यायमूर्ती भूषण गवई अमरावती-नागपूरच्याच मातीतून वर आले, हेही विसरू नका. विलायत ही अट नाही. पण दरवाजा असेल, तर तो फक्त काहींनाच दिसावा हे आपल्याला मान्य नाही.

आजची अट हीच आजची वेस

शिष्यवृत्ती आहे म्हणून प्रश्न सुटला असे समजू नका. पूर्वी अडवणारा माणूस दिसायचा, आता अटी अडवतात.

पहिली अट विषयाची. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. परदेशात जाऊन जातीवर संशोधन करायचे असेल, तर सरकारी पैसा नाही! ९ मे १९१६ रोजी कोलंबियात बाबासाहेबांनी भारतातील जातींवर निबंध वाचला होता. आजच्या नियमाने त्या विषयाला शिष्यवृत्ती मिळाली असती का? बडोद्याच्या राजाने जो विषय अडवला नाही, तो स्वतंत्र भारताच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने अडवावा, याला काय म्हणायचे?

दुसरी अट वेळेची. ब्रिटनचे वर्ष सप्टेंबरच्या सुमारास सुरू होते. विद्यापीठ प्रवेश देते आणि बऱ्याच ठिकाणी जागा राखायला आगाऊ रक्कम मागते. व्हिसासाठी पहिल्या वर्षाची फी आणि नऊ महिन्यांपर्यंतचा राहण्याचा खर्च सलग २८ दिवस बँक खात्यात दाखवावा लागतो. सरकारी शिष्यवृत्तीचे अधिकृत पत्र असेल तर ते चालते. पण निवड यादी लांबली, पत्र उशिरा आले, तर काय? ज्याच्या बापाच्या खात्यात चाळीस लाख आहेत त्याला २८ दिवस हा आकडा वाटतो. ज्याची आई घरकाम करते त्याला ती भिंत वाटते. १९१७ मध्ये बाबासाहेबांना ज्या घड्याळाने हरवले, तेच हे घड्याळ. निवड यादी मे महिन्यापर्यंत लागलीच पाहिजे, ही मागणी म्हणून आपल्या संघटनांच्या निवेदनांत कायमची असायला हवी.

तिसरी अट ओळखीची. अर्जाला दोन शिफारसपत्रे लागतात, ऑक्सफर्डसारख्या ठिकाणी तीन. ज्या कॉलेजात एका वर्गात शंभर मुले आणि मागच्या बाकावर आपला मुलगा, तिथे प्राध्यापक त्याच्याबद्दल काय लिहिणार? सेलिग्मन सगळ्यांना मिळत नाहीत, ते आपल्याला तयार करावे लागतील.

मग करायचे काय?

ज्याला अर्ज करायचा आहे त्याने वर्षभर आधी सुरुवात करावी. पुढच्या सप्टेंबरला जायचे तर अर्ज आदल्या हिवाळ्यातच जातात. ब्रिटिश सरकारची चेवनिंग शिष्यवृत्ती हवी असेल तर तिचा अर्ज त्याहूनही आधी, साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर. तिला २८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि त्यात स्वयंसेवी कामही धरतात. वस्तीत अॅट्रॉसिटीच्या केसमध्ये पोलीस ठाण्याला खेटे घालणे, जात पडताळणीच्या फाईली लावून देणे, हे सगळे काम आहे. त्याच्या तारखा, तास आणि संस्थेचे पत्र जपून ठेवा. हेतुपत्रात "मला लहानपणापासून कायद्याची आवड आहे" असे लिहू नका. आपण हाताळलेला एक प्रश्न घ्या, कायदा तिथे कुठे अडला ते सांगा, आणि त्या विद्यापीठातला कोणता विषय त्याचे उत्तर शोधायला हवा ते लिहा. असे लिहायला दिल्लीचे महागडे लॉ स्कूल लागत नाही, अनुभव लागतो. तो आपल्याकडे भरपूर आहे.

पासपोर्ट, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, इंग्रजीची परीक्षा, विद्यापीठाची ट्रान्स्क्रिप्ट ही कामे महिने खातात. जाहिरात आल्यावर नव्हे, आधीच करून ठेवा. नियम बदलत असतात, म्हणून दरवर्षीची जाहिरात स्वतः ओळ न ओळ वाचा.

आणि चळवळीने काय करावे? जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत जो खर्च होतो, त्यात किती मुलांची इंग्रजी परीक्षेची फी आणि अर्जाची फी निघेल, याचा हिशेब प्रत्येक मंडळाने मांडावा. विहारात अभ्यासिका आहे, तिथे एक रविवार अर्ज लिहून घेण्याचा ठेवावा. आपल्यातले जे वकील, प्राध्यापक आहेत त्यांनी दोन-दोन मुलांना हाताशी धरावे, त्यांच्याकडून लिहून घ्यावे, म्हणजे शिफारसपत्रात लिहायला खरे काही असेल. आणि ज्याला शिष्यवृत्ती मिळाली, त्याने परत येऊन पुढच्या दोघांचा अर्ज तपासावा. बडोद्याने दहा वर्षांचा करार लिहून घेतला होता. समाजाचा करार कागदावर नसतो, पण तो असतो.

नवल भथेनांचे कर्ज, शाहू महाराजांची मदत आणि रमाईची उपासमार यांवर एक बॅरिस्टर उभा राहिला. त्या बॅरिस्टरने पुढच्यांना कर्ज मागावे लागू नये म्हणून सरकारी तिजोरीचे दार ठोठावले. आता ते दार पुन्हा अरुंद होत असेल, तर आपण एका हाताने अर्ज भरायचा आणि दुसऱ्या हाताने दार ढकलत राहायचे. दोन्ही कामे एकाच वेळी.

जयभीम! जय संविधान!